मधल्या बांधावरचा चित्रबलाक



या वेळी बियाणं, खत, फवारणी यातलं काही नाही. बरेच जण विचारतायत, "काका, भात दाखवायचं सोडून हे बगळे-करकोचे काय दाखवत बसलात?" एकदा सविस्तर सांगून टाकतो. फोटोत जे पाणी आणि चिखल दिसतो तो समुद्रकिनारा नाही. ते माझं शेत आहे. सव्वादोन एकर, सातबारा बाबांच्या नावावर, पीक भात.

धरमतर खाडीच्या काठाला, अलिबाग तालुक्यात आमचं गाव. खाडी आमच्या पूर्वेला. बाहेरच्या लोकांना समजावं म्हणून सांगतो. आमची खारी शेती समुद्रसपाटीला लागून असते, भरतीचं पाणी शेताच्या पातळीहून वर चढतं. म्हणून खाडीच्या बाजूनं मोठा मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. बांधात उघाडी बसवलेली असते. ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला दार मिटून खारं पाणी अडवते. एवढ्या एका गोष्टीवर आमचं सगळं भात उभं. पूर्वी शिलोत्री पद्धतीत बाहेरकाठ्याची डागडुजी शिलोत्रदाराकडं असायची, १९४८ साली खार जमिनीचा कायदा आला आणि काम सरकारकडं गेलं. पण चिंबोरीनं बीळ पाडलं की ते बुजवायला पहिला माणूस गावातलाच जायचा. बाबा सांगतात, पूर्वी खांड पडली की ढोल वाजायचा आणि घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन निघायचा, रात्र असो की दिवस.

२०१९ च्या श्रावणाच्या सुरुवातीला, अमावास्येच्या उधाणात, वरून पाऊस ओतत असताना आमच्या बाहेरकाठ्याला खांड पडली. पहिल्या दिवशी बैलगाडी जाईल एवढी. ढोल वाजला नाही. घरटी एक माणूस आता कुठाय? निम्मे कंपनीत, निम्मे मुंबईला. आम्ही सात-आठ जण पेंढा, दगड, मातीच्या गोणी घेऊन गेलो, दुसऱ्या भरतीनं सगळं ओढून नेलं. पौर्णिमेच्या उधाणापर्यंत खांड तिप्पट झाली. लावणी होऊन महिनाही झाला नव्हता. रोपं आधी पिवळी, मग शेंड्याकडून जळत गेली, आणि आठ दिवसांत आख्खं शेत उकडलेल्या भाजीसारखं पडलं.

माझी फोटोग्राफी इथून सुरू झाली. पक्ष्यांसाठी नाही, पंचनाम्यासाठी. मोबाईलवर खांडीचे, मेलेल्या रोपांचे फोटो काढून मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं सांगितलं, "यावर तारीख नाही, जागा कळत नाही, हे कुठलंही असू शकतं." चिडलो होतो, पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाण्याचा फोटो पाण्यासारखाच दिसतो. तेव्हा ठरवलं, दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच दिशेनं फोटो काढायचा. उघाडीच्या दगडी भिंतीवर पाय ठेवायचा, तोंड गावाकडं, फोटोत डाव्या बाजूला देवळाचा कळस आणि उजव्या बाजूला आमची शिंदी आली पाहिजे. मग जागा नाकारता येणार नाही. हे आजपर्यंत चाललंय. तीन-चार महिने चुकले असतील, दोन लॉकडाऊनमध्ये आणि एकदा मलेरिया झाला तेव्हा.

त्या महिन्या-महिन्याच्या फोटोंत हळूहळू पांढरे ठिपके दिसायला लागले. मोबाईलवर मोठं केलं तर नुसता धुरळा. पोरीनं पुण्याहून कुणाचा तरी वापरलेला निकॉन पी९०० कॅमेरा आणून दिला, लांबचं जवळ आणणारा. म्हणाली, "बाबा, खांडीचं तरी नीट दिसेल." पहिल्या दिवशी मी खांड सोडून त्या ठिपक्यांवर कॅमेरा लावला. पिवळी लांब चोच, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, आणि शेपटीजवळ गुलाबी रंग, नव्या नवरीच्या शालूसारखा. चित्रबलाक. सोळा होते. आमच्या मधल्या बांधावर रांगेत उभे.

पन्नास वर्षं या मातीत राहिलो, पण पक्षी म्हणजे मला दोनच प्रकारचे माहीत होते. भात खाणारे आणि न खाणारे. आता वही आहे. शेकाट्या, लाल काड्यांवर उभा असल्यासारखा. तुतवार, सतत शेपूट हलवणारे. टिटवी तर ओळखीचीच. काळ्या डोक्याचे शराटी, ओळीनं चिखल टोचत जाणारे. दलदल ससाणा, जो आला की सगळं शेत एकदम उडतं. आणि एक मोठा मातकट पक्षी, विळ्यासारखी खाली वळलेली लांब चोच, इंग्रजीत कर्ल्यू म्हणतात. तो उत्तरेकडं, पार रशियाच्या बाजूला अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडं येतो. एवढ्या लांबून येऊन माझ्या मेलेल्या शेतातल्या चिंबोऱ्या खातो. लोक फ्लेमिंगो विचारतात. ते बघायचे तर ठाण्याच्या खाडीला जा, तिथं हजारोंनी असतात, २०२२ मध्ये ती जागा रामसरच्या यादीतही गेली. आमच्याकडं मी अजून एकदाही पाहिले नाहीत.

ज्यांना आपापल्या खाडीला फोटो काढायचेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या जुन्या लोकांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. खाडीत जेवढं आत जाल तेवढी थोडी वाढ धरा. आता गंमत बघा. पक्षी ओहोटीला बाहेरच्या चिखलात पांगलेले असतात, अर्धा मैल लांब. भरती चढायला लागली की चिखल बुडतो, आणि ते उंच जागेवर, म्हणजे आमच्या शेतातल्या जुन्या बांधांवर येऊन बसतात. म्हणजे जवळून फोटो हवा तर चढत्या भरतीला आधीच जागेवर जाऊन बसायचं. पण पाणी शेतात भरपूर येतं ते उधाणाला, आणि उधाणाची भरती भर दुपारी! ऊन डोक्यावर, पक्ष्याच्या तोंडावर सावली, पाणी पांढरंफट. सकाळी सहाची भरती असते तेव्हा असतो भांग, पाणी आत येतच नाही. दोन वर्षं डोकं आपटल्यावर कळलं की आपले दिवस दोनच: द्वादशी-त्रयोदशीची सकाळ आणि तृतीया-चतुर्थीची संध्याकाळ. सकाळी मी बाहेरकाठ्यावर, ऊन पाठीवर, तोंड गावाकडं. संध्याकाळी उलट, गावच्या बाजूनं खाडीकडं बघत, उतरत्या पाण्यात पक्षी परत चिखलावर पसरताना. पंचांग घरात होतंच, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

बसून काढा. उभ्यानं काढलेला पक्षी चिखलाला चिकटलेला दिसतो, बसून काढला की मागं खाडी, तिवरं, आभाळ येतं. पांढऱ्या पक्ष्याला कॅमेरा उजेड जास्त देतो, पिसं दिसेनाशी होतात, तेव्हा उजेड थोडा कमी करायचा. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर मीठ बसतं, ते कोरड्या फडक्यानं पुसलं तर ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. तिवराच्या खाली जमिनीतून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली असतात, झाड त्यातून श्वास घेतं, त्यावर पाय देऊ नका. आणि उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून पक्षी उठवू नका. तो विसावायला आलेला असतो. दिवसभर नांगर ओढून गोठ्यात आलेल्या बैलाला काठी मारण्यासारखं आहे ते.

एकदा मी फार मोठा मूर्खपणा केला. त्रयोदशीची सकाळ होती, कर्ल्यू पंधरा पावलांवर येऊन बसला होता, आणि मी डोळ्याला कॅमेरा लावून तासभर हललो नाही. समोर पाणी हळूहळू वाढत होतं, ते दिसत होतं. पण खांडीतून शिरलेलं पाणी जुन्या नाल्यानं वळसा घेऊन माझ्या आणि गावाच्या मधे केव्हा आलं ते कळलं नाही. बाहेरकाठ्याच्या एका तुकड्यावर मी एकटा, दोन्हीकडं पाणी. थांबलो असतो तर ओहोटीला वाट मोकळी झालीच असती, पण घाबरलो आणि उतरलो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. कॅमेरा डोक्यावर. खिशातला मोबाईल गेला तो गेलाच. पायाखाली शेताचा तळ ओळखीचा होता म्हणून पोचलो. अंधारातही सांगेन की इथं बांध, इथं मोरी, इथं खड्डा. घरी आलो तर बाबा ओटीवर. अंगावरचा चिखल बघून म्हणाले, "लावनी करून आलास का रं?"

बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. माझ्या फोटोंबद्दल त्यांचं मत एका वाक्यात असतं: "बगल्यांचं फोटो काढून पोट भरतंय का?" शहरातून लोक बघायला यायला लागले, तेव्हा ते उठून आत जायचे. मला राग यायचा. पण त्यांची बाजू समजून घ्या. माझ्या आजोबांनी चरीचा संप पाहिलेला. १९३३ ते १९३९, खोतांविरुद्ध, नारायण नागू पाटलांच्या पाठीमागं आपली माणसं उभी राहिली, शेतं कसली नाहीत, लाकडं विकून, करवंदं विकून, उपाशी राहून दिवस काढले. त्या कथा ऐकत बाबा वाढले. एकदा मी म्हटलं, तेव्हाही जमीन पडीक होतीच की. तर बाबा म्हणाले, "तवा आपन ठेवली व्हती. आता दर्यानं ठेवलीय." यावर मी काय बोलणार?

आणि एक गोष्ट मला त्यांच्यामुळंच सुचली. सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास आमच्याच तालुक्यात, किहीमला केला, त्यावर १९३० साली लिहिलं. हे वाचून मी मोठ्या उत्साहात बाबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "आपल्या शिंदीवर किती घरटी असायची! आता हाय का एक तरी?" मी जाऊन बघितलं. नव्हतं. सुगरण भाताच्या पातीच्या बारीक चिरफळ्या काढून घरटं विणते. भात गेलं, सुगरण गेली. माझ्या वहीत आलेल्या पक्ष्यांची नावं होती, गेलेल्यांचं पान नव्हतं. ते नंतर घातलं. सुगरण, मुनिया, कापणीच्या वेळी खळ्यावर येणारे पोपट.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गावात बैठक झाली. खांड दुरुस्तीचा प्रस्ताव पुन्हा पुढं जाणार, शेतकऱ्यांनी अर्ज द्यायचा, सोबत पुरावे जोडायचे. पुराव्याचं नाव निघताच सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाच वर्षांचे, महिन्या-महिन्याचे, एकाच जागेवरचे फोटो दुसऱ्या कुणाकडं असणार? मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्यातच गोम होती. पहिल्या वर्षाच्या फोटोंत स्वच्छ दिसतं की ही भातजमीन आहे, बांध आहेत, खाचरं आहेत, वाळलेल्या रोपांचे बुडखे आहेत. दुसऱ्या वर्षी पांढरं मीठ, कडेला जाड पानांची बुटकी खारट झुडपं. तिसऱ्या वर्षी, खांडीच्या तोंडाशी, गुडघ्याएवढी तिवरं. तिवराचं बी पावसाळ्यात पडतं आणि भरतीबरोबर तरंगत आत येतं, चिखल मिळाला की रुजतं. आता तिथं वीस-बावीस गुंठ्यात माझ्या उंचीची झाडं आहेत. आणि कांदळवनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे, २०१८ मध्ये अंतिम निकाल आला: तोडायचं नाही, भर टाकायची नाही, जमीन खासगी असली तरी. म्हणजे बांध वेळेवर बांधला गेला नाही म्हणून पाणी आलं, पाणी आलं म्हणून तिवर आलं, आणि तिवर आलं म्हणून आता बांध बांधायला परवानगीचा घोळ. यात शेतकऱ्याचा गुन्हा कुठं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चुलतभाऊ रात्री घरी आला. म्हणाला, "तू पहिल्या दोन वर्षांचेच फोटो दे. पुढचे कशाला? आणि खांडीजवळची झाडं काय, चार माणसं दोन रात्रीत साफ करतील. तू फक्त ते पक्ष्यांचे फोटो टाकायचं बंद कर थोडे दिवस."

तो वाईट माणूस नाही. त्याचं शेत माझ्यापेक्षा खांडीला जवळ, दीड एकर पूर्ण गेलंय, त्याचा पोरगा बारमाही कामाला बाहेर. आणि खरं सांगतो, माझ्या मनात दुसरंच होतं, त्याहून लाजिरवाणं. मला वाटत होतं, खांड बुजूच नये. दुरुस्ती झाली तर पाणी थांबेल, चित्रबलाक जातील. पाच वर्षांत त्या बांधावर मी जेवढा बसलो तेवढा भात होतं तेव्हा कधी बसलो नव्हतो. दोन रात्री झोप नाही. शेतकरी असून माझ्या मनात शेत बुडलेलं राहावं असं येतंय, हे बायकोला पण सांगवेना. तिनं ओळखलं. म्हणाली, "तुमचा कॅमेरा बाबांना दाखवलात का कधी? नुसतं सांगत असता."

दुसऱ्या दिवशी ओटीवर बाबांच्या शेजारी बसलो. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून फोटो पोरीच्या मोठ्या लॅपटॉपवर लावले. सगळ्यात चांगला निघालेला फोटो, सोळा चित्रबलाक, सकाळचं ऊन, खाली पाण्यात त्यांचीच उलटी रांग. मला वाटलं, आता तरी म्हणतील वा. ते वाकून वाकून बघत राहिले. मग बोट लावून म्हणाले, "ह्यो मधला बांध नं? ह्यो दगड बघ. मी न् तुझ्या आयनं आनलेला डोक्यावरून. अजून हाय तिथंच." पक्षी त्यांनी पाहिलेच नाहीत. पाच वर्षं मी त्या बांधाचे शेकडो फोटो काढले होते, आणि मला तो दगड दिसला नव्हता.

मग म्हणाले, "सगलं दाखव." मी सगळे दाखवले, पहिल्यापासून. तिवराचे आले तेव्हा थांबले. "किती वाढलं रं हे." चुलतभाऊ काय म्हणतो ते सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "खोटं करून जमीन नको. खोतानं खोटंच केलं व्हतं."

मी सगळे फोटो जोडले. त्रेपन्न. तारखेसकट, तिवरासकट. अर्जात आमच्या कुटुंबाकडून वेगळं पान लावलं, शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मराठीत जेवढं जमलं तेवढं. लिहिलं की तिवर आलंय ती जागा तशीच राहू द्या, बाहेरकाठा त्याच्या आतल्या बाजूनं घ्या, आमचे वीस-बावीस गुंठे जातील, त्याची भरपाई ठरवा. उरलेली जमीन वाचवा. जिथं सगळ्यात सखल आहे तिथं आम्ही जिताड्याचं तळं करू. चित्रबलाकाला उथळ पाणी आणि मासळी लागते, तो तळ्याच्या कडेला येईल की नाही ते मी ठरवू शकत नाही.

जमीन परत येईल का, असं कृषी क्षेत्रातले मित्र विचारतील. माझा माती परीक्षणाचा कागद वाईट आहे. ईसी ४ च्या वर गेली की खारी म्हणतात, माझी दोन आकडी आहे, आणि तो नमुना मे महिन्यातला, म्हणजे मीठ सगळ्यात वर आलेलं असताना. पण आपल्याकडचा पाऊस हेच आपलं औषध. खारं पाणी थांबलं की खाचरात पावसाचं पाणी कोंडायचं, उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. दोन-तीन पावसाळे. मग पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं खारं सोसणारं भात, पनवेल-१, २, ३ पैकी, मोड आणून फेकायचं. बाबा म्हणतात राताच टाक. ते भांडण तेव्हा करू.

चुलतभाऊ अजून बोलत नाही. गणपतीला आला, प्रसाद घेतला, माझ्याकडं न बघता गेला. झाडं मात्र कुणी तोडली नाहीत. अर्जाचं उत्तर आलेलं नाही, दोनदा जाऊन आलो, "फाईल वर आहे" एवढंच कळलं.

या द्वादशीला सकाळी परत गेलो होतो. कर्ल्यू आलाय, एकटाच. चित्रबलाक अकरा. बाबांनी निघताना सांगितलं होतं, दगडाचा जवळून फोटो आन, तडा गेलाय का बघायचाय. आणलाय. तडा नाही. त्यावर शेकाट्या बसला होता, तो उठेपर्यंत थांबलो, म्हणून घरी यायला उशीर झाला.